मातीच्या शंकूचा मालक कोण?

आज बोलूया मातीच्या शंकूंबद्दल. आईस्क्रीमचा कोन आडवा धरला की जसा दिसेल तसा आकार. टोक भिंतीत रुतलेलं, गोल सपाट तोंड बाहेर. इजिप्तमध्ये, आजच्या लक्झर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावर अधिकाऱ्यांची थडगी आहेत. त्यांच्या दर्शनी भिंतीत, दाराच्या वर, असे शंकू रांगेनं बसवत. सुरुवातीचे कोरे होते. पुढे, साधारण ३,५०० वर्षांपूर्वी, ओल्या मातीवर शिक्का दाबून मालकाचं नाव आणि हुद्दा उमटवायला लागले.

मग मालक शोधणं सोपंच की! नाव लिहिलंय ना? मलाही आधी तसंच वाटलं.

पहिली अडचण म्हणजे शंकू जागेवर राहिलेच नाहीत. भिंती ढासळल्या, शंकू ढिगाऱ्यात पसरले. नंतर हौशी लोकांनी ते उचलून नेले, आणि कुठून उचलले ते बऱ्याचदा लिहून ठेवलंच नाही. दुसरी अडचण, ठसे झिजलेले. पण इथे एक सोय आहे. एकाच शिक्क्याचे अनेक शंकू असतात. एकावर डावी बाजू गेलेली, दुसऱ्यावर उजवी. दोन्ही जुळवले की मजकूर पूर्ण होतो. नॉर्मन डेव्हिस यांनी असे ठसे चिकाटीनं उतरवून घेतले. १९४१ मध्ये ते गेले. मॅकॅडम यांनी ते काम १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात ६११ क्रमांक आहेत.

तिसरी अडचण माझ्या ओळखीची. मी सॉफ्टवेअरवाला, नुसत्या नावावरून दोन नोंदी एकत्र केल्या की घोळ होतो, हे रोज बघतो. तिकडे अमेनहोतेप नावाचे तर ढीगभर! म्हणून हुद्दा बघायचा, बायकोचं किंवा आईवडिलांचं नाव असेल तर तेही. मेरीमोसचं सोपं आहे. त्याच्या शंकूंवर 'कुशचा राजपुत्र' असा हुद्दा आहे. तो राजाचा मुलगा नव्हता. दक्षिणेकडच्या कुश प्रांताच्या सुभेदाराचं ते पद. तिसऱ्या अमेनहोतेपचा हा सुभेदार, त्याचं थडगं क्रमांक ३८३. नाव, हुद्दा, थडगं, सगळं जुळलं.

पण कधी हुद्दाही फसवतो. थडगं ८६ आणि ११२, दोन्हीकडे नाव मेनखेपेररासेनेब, दोन्हीकडे अमून देवाचा मुख्य पुजारी. माणूस एक की दोन, यावर अभ्यासकांचा वाद झाला.

आणि बऱ्याच शंकूंच्या मालकांचं थडगं अजून सापडलेलंच नाही. काहींच्या बाबतीत तो शिक्का हाच ते होऊन गेल्याचा पुरावा. नाव टिकलं तर माणूस टिकतो, असं इजिप्तचे लोक मानत. त्यामुळे जागेची नोंद न करता शंकू खिशात घालणाऱ्यानं नुसती माती नेली नाही, त्या माणसाचा पत्ताच नेला.

म्हणून कुठल्या संग्रहालयात असा शंकू दिसला, तर पाटीवर आधी बघा, तो नेमका कुठे सापडला ते लिहिलंय का. भेटू पुढच्या भागात!