बीजगणिताची दुसरी संधी

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसले असून तेथील भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे ते सर्वपरिचित आहे. विद्येच्या या दैवताच्या परिसरात, जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच, दहावीच्या परीक्षेत सर्वाधिक धास्ती असते ती गणिताची. आणि त्यातही बीजगणिताची. ज्यांचा हा विषय एकदा राहतो त्यांना तो पुन्हा शिकण्याची सोय कोठे व कशी मिळते, हा प्रश्न केवळ बीडचा नाही. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनाही तो अनेक वर्षे भेडसावत आला आहे.

मध्यम बीजगणित म्हणजे काय?

अमेरिकी महाविद्यालयांत 'इंटरमीजिएट अल्जिब्रा' या नावाने शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात बहुपदी व त्यांचे अवयव, वर्गमुळे, दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि आलेख यांचा समावेश होतो. महाराष्ट्रातील विद्यार्थी यातील बराचसा भाग नववी-दहावीतच शिकतो. राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या 'गणित भाग १' या पाठ्यपुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही सहा प्रकरणे आहेत.

या विषयाचा एक विशेष असा की, त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. इतिहासाचे एखादे प्रकरण वाचावयाचे राहिले तरी पुढचे समजते. अवयव पाडणे मात्र राहून गेले, तर वर्गसमीकरण हाती लागत नाही. ऋण चिन्हाचा गोंधळ सातवीत सुटला नाही, तर तो दहावीतल्या प्रत्येक उदाहरणात पुन्हा उभा राहतो. गणितात 'कच्चा' ठरलेला विद्यार्थी पुष्कळदा बुद्धीने कमी नसतो; त्याची मधली एखादी पायरी निसटलेली असते.

पायरी कोठे निसटते?

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांचा हा अभ्यास बुडतो, तर मागे राहिलेल्या मोठ्या मुलांवर घर, जनावरे आणि धाकटी भावंडे यांचा भार पडतो. यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना राबविण्यात आली, तसेच २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली.

ज्या कुटुंबांत हा विषय राहून जातो, त्यांच्या रोजच्या हिशेबात तो असतोच. समजा, एका कोयत्याने, म्हणजे तोडणाऱ्या जोडीने, मुकादमाकडून ७०,००० रुपये उचल घेतली. दर टनाला ३५० रुपये आणि दिवसाची तोड दोन टन धरली, तर रोजची कमाई ७०० रुपये होते. त्यातून खर्चीपोटी रोज २०० रुपये घेतले, तर उचलीत ५०० रुपये वळते होतात. दिवसांची संख्या 'क्ष' मानल्यास ५००क्ष = ७०,००० हे समीकरण मिळते, आणि क्ष = १४०. आता हंगाम १२० दिवसांतच आटोपला, तर १०,००० रुपये अंगावर राहतात व पुढच्या वर्षाच्या उचलीला चिकटतात. हे समीकरण मांडता येणाऱ्याला आपण पुढच्या वर्षासाठी कशामुळे बांधले गेलो आहोत, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच दिसू शकते.

भास्कराचार्यांचा वारसा

ज्या भूमीत हा विषय आज धास्तीचा झाला आहे, तिचे त्याच्याशी नाते जुने आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये, जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असल्याचे त्यांनी सांगितले आहे. हे गाव म्हणजे बीड असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले होते. तथापि चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखामुळे त्या परिसराचा पक्ष अधिक बळकट मानला जातो.

'बीजगणित' या ग्रंथात धन-ऋण संख्या, शून्य, करणी, एका व अनेक अव्यक्तांची समीकरणे यांचे विवेचन आहे. अव्यक्त राशींना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक', 'पीतक' अशी नावे दिलेली आहेत. वर्गसमीकरण सोडविण्याच्या रीतीला 'मध्यमाहरण' म्हटले आहे. आजच्या मध्यम बीजगणिताचा गाभा असा साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी येथे मांडला गेला होता.

पाटणच्या शिलालेखाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी मठ स्थापन केला आणि इ.स. १२०७ मध्ये त्याला दान मिळाले. या मठाच्या चरितार्थासाठी बाजारातील व्यवहारांवरील आणि तेलघाण्यांवरील वाटा नेमून दिल्याची नोंद लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत आहे. गणित शिकविण्याचा खर्च गावाने उचलावयाचा असतो, ही जाण त्यातून दिसते.

अमेरिकेचा अनुभव

कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांची, कमी शुल्काची आणि कोणत्याही वयाच्या विद्यार्थ्याला प्रवेश देणारी संस्था होय. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये तिचा आरंभ झाला. कॅलिफोर्नियातील अशा महाविद्यालयांनी सहयोगी पदवीसाठी मध्यम बीजगणिताची अट घालण्याचे २००६ मध्ये ठरविले आणि २००९ पासून ती लागू झाली. चाचणीत मागे पडलेल्यांना आधी एकामागून एक पूर्वतयारीचे वर्ग करावे लागत आणि अनेक जण पदवीच्या विषयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळत. बीजगणित सर्वांना सक्तीचे असावे काय, हा वाद २०१२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांच्या लेखामुळे देशभर गाजला.

पुढे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून ही साखळी मोडली. विद्यार्थ्याला थेट पदवीच्या स्तरावरील गणितात किंवा सांख्यिकीत प्रवेश द्यावा आणि कच्च्या भागासाठी त्याच सत्रात जोडवर्ग घ्यावा, अशी ही पद्धत आहे. पात्रतेची पायरी बाजूला सारतानाच आधाराची सोय करणे, हे तिचे सूत्र होय.

आपल्याकडील वाटा

विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतात कम्युनिटी कॉलेजांची योजना २०१३ मध्ये आणली. मात्र तिचा भर कौशल्य-अभ्यासक्रमांवर होता. राहिलेले गणित सोडविण्याचे मार्ग येथे वेगळे आहेत : राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा, एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत तात्पुरता प्रवेश देणारी एटीकेटी, खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी १७ नंबरचा अर्ज आणि १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. यातील बहुतेक मार्ग पुन्हा परीक्षा देण्याची संधी देतात. पुन्हा शिकण्याची व्यवस्था विद्यार्थ्याने स्वतःच करावयाची असते. शहरात खासगी शिकवणी मिळते. खेड्यातील विद्यार्थ्याला ती परवडेल अथवा गाठता येईल, याची शाश्वती नाही.

२०२४ मधील राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित व विज्ञानासाठी उत्तीर्णतेची मर्यादा ३५ वरून २० गुणांवर आणण्याची तरतूद सुचविण्यात आली. अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर पुढे गणित वा विज्ञानाधारित शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा राहावयाचा होता. एका विषयापायी सारे शिक्षण थांबू नये, हा तीमागचा हेतू. पण शेरा कायमचा राहिला, तर पंधराव्या वर्षी निसटलेली पायरी तंत्रनिकेतनाचे दारही बंद करते.

लिंबागणेशसारख्या गावातील मुलासाठी म्हणूनच कमी गुणांच्या सवलतीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज आहे ती हंगाम संपवून परतल्यावर राहिलेले प्रकरण पुन्हा शिकविणाऱ्या वर्गाची. पाटणला आठ शतकांपूर्वी त्यासाठी तेलघाण्याचा वाटा राखून ठेवला होता.