गोव्याची आर्थिक नाकेबंदी

गोवा, दमण व दीव यांच्या हस्तांतरणाविषयी वाटाघाटी कराव्यात, असा प्रस्ताव भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालपुढे मांडला. लिस्बनने तो फेटाळला. ११ जून १९५३ रोजी भारताने तेथील आपली वकिलात बंद केली आणि १९५४ पासून गोव्याशी होणाऱ्या व्यापारावर निर्बंध घातले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला व वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्यानंतर रेल्वे वाहतूकही थांबली.

गोव्यात सभा, भाषण व वृत्तपत्र यांचे स्वातंत्र्य नाही, याकडे भारत लक्ष वेधी; तर नाकेबंदी हाच गोमंतकीयांवरील अन्याय आहे, असे पोर्तुगाल म्हणे. सालाझार राजवट ख्रिस्ती धर्माच्या रक्षणाचाही दावा करीत असे. परंतु जुलै १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांच्या भेटीनंतर, गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, हे पंतप्रधान नेहरूंनी स्पष्ट केले.

नाकेबंदीने राजवट नमली नाही. अन्नधान्य परदेशांतून आले व लोहखनिजाची निर्यात वाढली. झळ बसली ती मुंबईतील मिळकतीवर जगणाऱ्या कुटुंबांना. त्यांत ख्रिस्ती व हिंदू दोन्ही होते. त्यांच्या भेटीगाठी व पैसे पाठविणे दुष्कर झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तो लष्करी कारवाईने. व्यापारबंदीच्या कोणत्याही वादात मानवी हक्कांचा विचार करताना सामान्य कुटुंबांवर पडणारा हा भारही मोजावा लागतो.