पगार, पेमेंट आणि पावती: पैशाच्या शब्दांमागची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. प्रवासात असाल तर ऑडिओ ऐका, निवांत असाल तर वाचा.

सुरुवात घरापासून करतो. माझं गाव कोल्हार, नगर-मनमाड रस्त्यावरचं, प्रवरेच्या काठचं. आजोबा गेले, त्यानंतर दोन आठवड्यांनी आजीने मला किराणा दुकानात पाठवलं. म्हणाली, "त्यांच्या नावावर काही राहिलं असंल तर फेडून ये बाळा." दुकानदार काकांनी वही उघडली. 2,340 रुपये निघाले. मी कोड स्कॅन केला, पैसे पाठवले, काउंटरवरचा स्पीकर बोलला, "प्राप्त झाले." मी घरी आलो. आजीचा पहिला प्रश्न: "वहीवर काट मारली का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर माणूस. स्क्रीनवर हिरवी टिक आली म्हणजे माझ्यासाठी विषय संपला. आजीसाठी तो संपला नव्हता. ती "पैसे देऊन ये" म्हणाली नव्हती, "फेडून ये" म्हणाली होती. दोन्हीत फरक काय, ह्या एका प्रश्नातून आजचा भाग तयार झाला.

आधी पेमेंट. आपण दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरतो. इंग्रजीतला 'पे' आला फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये आला लॅटिन 'पाकारे' वरून. पाकारे म्हणजे शांत करणे. त्याच्याही मागे 'पाक्स' आहे, म्हणजे शांतता, ज्यातून इंग्रजीचा 'पीस' निघाला. म्हणजे मुळात पे करणं म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला शांत करणं. दारात उभा राहिलेला माणूस समाधानाने परत गेला, की पेमेंट झालं.

आता गंमत बघा. ह्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजमध्ये 'पागार' झाला, अर्थ तोच, पैसे देणे. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, पुढे 1739 पर्यंत वसईही त्यांच्याकडे होती. ह्या शेजारातून मराठीत बटाटा आला, चावी आली, बाजार समितीत रोज कानावर पडणारा 'लिलाव' आला, आणि आपला लाडका 'पगार' सुद्धा आला. म्हणजे पगार आणि पेमेंट हे सख्खे चुलतभाऊ! एक गोव्याच्या वाटेने आला, दुसरा इंग्रजांबरोबर. आमच्याकडे दूधवाले कधी "दुधाचा पगार झाला" म्हणतात, कधी "दुधाचं पेमेंट झालं". दोन्ही वेळा शब्द एकाच घरातला.

बिलाचंही तसंच. लॅटिनमध्ये 'बुल्ला' म्हणजे कागदावरची मोहोर, तिच्यावरून बिल. शहरात बिल म्हणजे आपल्या खिशातून जाणारे पैसे. पण आमच्या शेजारी प्रवरानगरला, जिथे 1950-51 च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या सगळ्या ऊसपट्ट्यात "बिल निघालं" म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात पैसे आले. शब्द तोच, पैशाची दिशा उलटी.

आता आपले मराठी शब्द. 'फेडणे' म्हणजे सोडणे, उकलणे. धोतर फेडतात, लुगडं फेडतात. कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. इंग्रजीत पैसे देऊन समोरच्याला शांत करायचं. मराठीत पैसे देऊन आपण स्वतः गुंडाळलो गेलोय त्यातून सुटायचं. आणि 'पावती' आली 'पावणे' वरून, म्हणजे पोचणे, मिळणे. आमच्या गावात भगवतीमातेचं मंदिर आहे. देवी नवसाला पावते आणि पैसेही पावतात, क्रियापद एकच. पैसे पावले, असं घेणाऱ्याने सांगितलं की ती पावती.

हे नुसते शब्दांचे खेळ वाटत असतील तर 1875 मध्ये चला. दख्खनचा शेतकरी तेव्हा कर्जात बुडालेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर कोसळले होते, सारा वाढला होता. बरेच शेतकरी निरक्षर. किती दिले, किती राहिले, हे फक्त सावकाराच्या वहीला माहीत. पैसे दिले तरी पावती मिळेलच असं नाही. आणि 'सावकार' शब्दात 'साव' आहे बरं का, म्हणजे साधू, सज्जन, चोराच्या विरुद्ध. शब्द आणि अनुभव ह्यांची इतकी फारकत झाली होती.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक सावकारांवर चालून गेले. लोण नगर जिल्ह्यात पोचलं, पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. रोखे, खतं, वह्या. ज्याने कागद मुकाट्याने दिले, त्याला बहुतेक ठिकाणी पुढे त्रास झाला नाही. कागद चौकात जाळले गेले. फेडून सुटका होत नाही म्हटल्यावर लोकांनी गाठच पेटवली.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर, ह्या चार जिल्ह्यांसाठी. त्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं: शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्याने त्याच वेळी लेखी पावती द्यायची. आपण जो मेसेज न वाचता स्वाइप करून टाकतो, तो कागद मिळावा म्हणून आपल्या जिल्ह्यात आगी लागल्या होत्या.

कायद्याने कर्ज संपलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण 'दिले' हे देणाऱ्याने म्हणायचं आणि 'पावले' हे घेणाऱ्याने, आणि दोन्ही झाल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, हे त्या कलमाने मान्य केलं. आजी तेच विचारत होती.

मी संध्याकाळी परत दुकानात गेलो. काकांना म्हटलं, "काका, तेवढी वहीवर काट मारता का? आजीने सांगितलंय." त्यांनी चष्मा लावला, आजोबांच्या नावाचं पान काढलं, आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "पावले." मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षांत एकदाही मला मागायला लावलं नाही."

पानाचा फोटो काढून आजीला दाखवला. तिने मोबाईल हातात घेतला, स्क्रीनवर बोट फिरवलं. म्हणाली, "सुटले."

आणि हो, जाता जाता एक. काउंटरवरचा स्पीकर "प्राप्त झाले" म्हणतो ना? 'प्राप्त' आणि 'पावणे' ह्यांचं संस्कृत मूळ एकच आहे. म्हणजे मशीन म्हणत होतं तेच काकांनी लिहिलं. फक्त मशीनला माझे आजोबा माहीत नव्हते.

तुमच्या घरात पैशासाठी कोणता खास शब्द आहे? आजीला, आजोबांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात!