धावत्या लोकलमध्ये तुमचा संवेग किती? दोन उत्तरं, दोन्ही बरोबर!

मुंबईची लोकल फलाटात शिरतेय. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. दारात ६० किलो वस्तुमानाचा एक प्रवासी उभा आहे. त्याचा संवेग किती?

संवेग म्हणजे काय?

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते. वस्तुमान जितकं जास्त, तितकं वस्तूला हलवणं किंवा थांबवणं कठीण. संवेगाला दिशाही असते.

मग दोन उत्तरं कशी?

फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने प्रवाशाचा संवेग ६० × १० = ६०० किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. पण शेजारी उभ्या असलेल्या सहप्रवाशासाठी तो जागचा हललेलाच नाही, म्हणून संवेग शून्य! वेग कशाच्या तुलनेत मोजायचा, हे ज्यावरून ठरतं तिला संदर्भ चौकट म्हणतात. इथे एक चौकट फलाटाची, दुसरी गाडीची. वस्तुमान मात्र दोन्हींत ६० किलोच.

एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालतंय की थांबलंय हे कळणार नाही, असं गॅलिलिओने १६३२ साली आपल्या ग्रंथात मांडलं होतं. म्हणूनच धावत्या गाडीत आपल्याला स्थिर असल्यासारखं वाटतं.

धोका नेमका इथेच आहे

प्रवासी चालत्या गाडीतून उतरतो तेव्हा घर्षणामुळे पाय फलाटावर अडतात, पण वरचं शरीर गाडीच्याच वेगाने पुढे जात राहतं. तोल जातो तो यामुळे.

समजा, तो फलाटावरच्या खांबावर आदळून ०.१ सेकंदात थांबला. फलाटावरून पाहिलं तर संवेग ६०० वरून शून्यावर आला. गाडीतून पाहिलं तर तो शून्यावरून उणे ६०० झाला, कारण आता प्रवासी गाडीच्या तुलनेत मागे पडतोय. बदल दोन्हीकडे ६०० चाच! संवेगातला बदल भागिले लागलेला वेळ म्हणजे सरासरी बल: ६०० ÷ ०.१ = ६००० न्यूटन. जवळपास ६०० किलोचा भार अंगावर पडावा, इतकं हे बल आहे.

तोच प्रवासी गाडीतच राहिला आणि गाडी २० सेकंदांत थांबली, तर? ६०० ÷ २० = फक्त ३० न्यूटन. साधारण ३ किलोची पिशवी उचलायला लागतं तेवढं.

थोडक्यात

संवेग किती, हे कोण बघतंय यावर ठरतं. पण संवेग किती बदलला आणि किती वेळात बदलला, यावर दोघांचंही एकमत होतं. आणि इजा होते ती या बदलामुळे. म्हणून ते २० सेकंद थांबा, गाडी पूर्ण थांबली की मगच उतरा.