मांडीवरचा वारस, पाळण्यातली लेक

१९०१ च्या जून महिन्यात लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे औरंगाबादला गेले होते ते मुलगा पाहायला. लग्नासाठी नव्हे, दत्तक घेण्यासाठी. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टमध्ये पटकीने गेले. जाताना त्यांनी मृत्युपत्र केले आणि टिळकांना विश्वस्तांमध्ये नेमले. पत्नी गरोदर होती. मुलगा झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या विचाराने दत्तक घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. त्यामुळे विश्वस्त मंडळी विधवा ताई महाराजांना घेऊन औरंगाबादकडच्या भाऊबंदांतली मुले पाहायला निघाली. जगन्नाथ नावाचा मुलगा ठरला, दत्तविधान झाले.

पुण्याला परतल्यावर ताई महाराजांचे मन फिरले. दोन-तीन महिन्यांत त्यांनी कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. एका घराला दोन वारस झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. खोट्या साक्षीबद्दल टिळकांना १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये निकाली निघाला. टिळकांची बाजू खरी ठरली, पण तोवर ताई महाराज हयात नव्हत्या. इतकी वर्षे कज्जा चालला तो औरंगाबादचे विधान पुरे झाले होते की नाही, यावर. दोन मुलांपैकी कोणाला आईची माया मिळाली, हा कोर्टापुढचा प्रश्नच नव्हता.

त्या काळच्या व्यवहाराशी हे सुसंगतच होते. दत्तक घ्यायचा तो पिंडदानासाठी, घराण्याच्या नावासाठी आणि वतनासाठी. सतराव्या शतकातल्या नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथात मुलगा कोणाचा असावा, कोणी द्यावा, कोणी घ्यावा याचा काथ्याकूट आहे. मुंबई इलाख्याची रीत त्यातही निराळी होती. बंगालकडे विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची आज्ञा लागे, इकडे ती नसली तरी चाले. मुलाच्या वयाची अट नव्हती. लग्न होऊन पोरेबाळे असलेला बाप्याही दत्तक जाऊ शके. त्यामुळे इथल्या कोर्टांत दत्तकाचे दावे कधी कमी पडले नाहीत.

साध्या घरातही रस्ता ठरलेला असे. लग्नाला सात-आठ वर्षे झाली, औदुंबराच्या प्रदक्षिणा झाल्या, नरसोबाच्या वाडीला जाऊन आले, नवस बोलून झाले की वडीलधारी माणसे दिराच्या धाकट्या मुलाकडे पाहू लागत. पहिली पसंती पुतण्याला, मग सगोत्र भाऊबंदांना. विधीच्या दिवशी जन्मदाता बाप पाणी सोडून मुलगा देई, घेणारा त्याला मांडीवर बसवी, दत्तहोम होई, साखर वाटली जाई आणि पुष्कळदा मुलाचे नावही बदले. वतनदार किंवा इनामदार असेल तर सरकारात नजर भरून मंजुरी आणावी लागे. त्या दिवसापासून काल जिला आई म्हटले तिला काकू म्हणायचे आणि काकूला आई. बहुतेक वेळा दोघी एकाच वाड्यात, एकाच चुलीपाशी वावरत.

या विधीवर राज्येही तरली आणि बुडाली. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४८ च्या एप्रिलमध्ये मरणशय्येवर दत्तक घेतला. डलहौसीने तो नाकारला आणि शिवछत्रपतींची गादी खालसा केली. झाशीत गंगाधरराव नेवाळकरांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी पाच वर्षांच्या आनंदरावाला मांडीवर घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे इंग्रज अधिकारी मुद्दाम बोलावलेले साक्षीदार होते. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले आणि पुढच्या वर्षी झाशी गेली. सत्तावनचा वणवा विझल्यावर मात्र इंग्रजांनी हे धोरण सोडले. लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणूनच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसून सयाजीराव गायकवाड झाला आणि कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये आनंदीबाईंच्या मांडीवर बसून शाहू छत्रपती झाला. दोन थोर मराठी राजे दत्तक होते.

याच महाराष्ट्रात, याच दशकांत, दुसरीही मुले होती आणि त्यांना कोणी मांडीवर घेत नव्हते. तरुण विधवांना दिवस जात, बाप नामानिराळा राही आणि मूल विहिरीत किंवा उकिरड्यावर जाई. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती गावात लावल्या. पुढे १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहिलेल्या टिपणात या घराचा हिशेब आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाचच मुले हयात होती. गर्भ पाडण्यासाठी आधीच पोटात गेलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली होती.

पंढरपुरातही असे एक घर उभे राहिले. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे तिथे न्यायाधीश होते. त्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून तो आज ओळखला जातो. तीर्थाच्या गावी परमुलखातून येऊन बाळंत होणे आणि तोंड लपवून परत जाणे सोपे होते, म्हणून या कामाची गरज तिथे मोठी होती.

म्हणजे एकीकडे मुलासाठी नवस करणारी घरे आणि दुसरीकडे घराविना मुले. मधली वाट जवळपास बंदच होती, कारण आश्रमातल्या मुलाचे गोत्र, जात, बाप यातले काहीच माहीत नसे. आणि दत्तकाचा सारा हेतू तर त्यातच गुंतलेला. या वाटेने जाणारे पहिले नामवंत जोडपे फुल्यांचेच. त्यांनी १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८७ मध्ये मृत्युपत्र करून जोतीरावांनी त्याला वारस केले, तो डॉक्टर झाला. तरी १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी त्याच्या हक्काला हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरून अंत्ययात्रेपुढे चालण्याचा निर्णय घेतला.

कायद्याला ही वाट मोकळी करायला आणखी सहासष्ट वर्षे लागली. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली. दत्तहोम सक्तीचा राहिला नाही, विवाहित पुरुषाला बायकोची संमती आवश्यक झाली. बायकोला मात्र नवरा असताना स्वतःच्या नावाने दत्तक घेता येईना. ती दुरुस्ती २०१० साली झाली. ख्रिस्ती, पारशी आणि मुसलमान जोडप्यांना तर हा कायदाच लागू नव्हता. त्यांच्यासाठी १८९० चा पालकत्वाचा कायदा उरला. त्यात मूल अठरा वर्षांचे झाले की पालकत्व संपे आणि वारसाहक्क मिळतच नसे. सर्वांना लागू होईल असे दत्तक विधेयक १९७२ मध्ये संसदेत आले आणि विरोधामुळे बारगळले. शेवटी बालन्याय कायद्याने, म्हणजे २००० च्या कायद्याने आणि २००६ च्या दुरुस्तीने, धर्म न विचारता दत्तक घेण्याची सोय केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्का मारला.

मधल्या काळात अनाथालयांतली कितीतरी मुले स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिकेकडे जात होती. काही ठिकाणी त्याचा धंदा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर न्या. पी. एन. भगवती यांनी १९८४ मध्ये निकाल देऊन परदेशी दत्तकाला नियम घातले आणि आधी देशातले आईबाप शोधा, असे बजावले. त्यातूनच १९९० मध्ये दत्तकाचे काम पाहणारी केंद्रीय यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, उभी राहिली.

देशातले आईबाप तोवर पुढे यायला लागले होते, पण दबकत. मुंबई-पुण्याच्या संस्थांत येणारी त्या काळची जोडपी रंग आपल्यासारखा हवा, नाक असे हवे, अशी यादी घेऊन येत. काही बायका चार महिने परगावी राहून बाळंतपणाहून आल्यासारख्या बाळ घेऊन परतत. काहींनी तर पोटाला उशीही बांधली. वाड्यातला दत्तक सगळ्या गावाला साखर वाटून घेतला जाई. आश्रमातले बाळ मात्र शेजाऱ्यांपासून लपवावे लागे. हे गुपित फोडायला समाजसेविकांना आणि पालकांच्या मेळाव्यांना बरीच वर्षे घालवावी लागली.

आज लपवाछपवी कमी झाली आहे, थांबणे वाढले आहे. बहुतेक जोडपी दवाखान्यांच्या फेऱ्यांतून थकून इथवर येतात. नोंदणी ‘कारा’च्या पोर्टलवर, ऑनलाइन. पॅन, आधार, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ओळखीच्या माणसांची पत्रे हे सगळे स्कॅन करून चढवायचे. लग्न किमान दोन वर्षांचे हवे. दोन वर्षांखालचे बाळ हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. त्यामुळे चाळिशीला आलेले जोडपे आधी बेरीज करते आणि मगच पुढचे बोलते.

मग गृहभेट. समाजसेविका येणार म्हणून आदल्या रविवारी माळा साफ होतो, खिडकीला जाळी बसते, चिवड्याचा डबा भरून ठेवला जातो. ती बाई चहा घेते, पण तिचे लक्ष चिवड्यावर किंवा पडद्यांवर नसते. ती नवऱ्याला वेगळे विचारते, बायकोला वेगळे. नोकरी दोघांची, मग बाळाजवळ कोण? मुलाला सत्य कधी सांगणार? आणि हळूच सासूबाईंकडे वळते, आजी, तुम्हाला चालेल ना? आजींनी दोन दिवस पाठ केलेले उत्तर तिथे अडखळते आणि त्या खरे बोलतात. कळत नाही हो, पण घरात पोर आले की होईल सगळे. बहुधा तेवढे पुरते. या भेटीचा अहवाल तीन वर्षे चालतो. पुष्कळांची रांगच त्याहून लांब असल्याने तो नव्याने करावा लागतो.

रांग हीच आता अशा घरांची दिनचर्या होते. प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक रात्री झोपण्याआधी मोबाइलवर पाहायचा. आठवड्यात तो चाराने खाली आला तर आनंद, हलला नाही तर गप्प बसायचे. पुतणीच्या बारशाला जायचे आणि ‘तुमचे कधी?’ या प्रश्नाला हसून उत्तर द्यायचे. झबली घ्यावीत तर बाळ किती महिन्यांचे येईल ते ठाऊक नाही. ऑफिसात रजेचा विषय काढावा तर तारीख नाही. मातृत्व रजेच्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवडे दिले, पण बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तरच. टाकलेल्या बाळाचे आईबाप शोधून बाळ दत्तकासाठी मोकळे असल्याचे बाल कल्याण समितीने जाहीर करेपर्यंतच दोन महिने जाऊ शकतात. इतके लहान बाळ हाती येणे विरळाच.

आणि एखाद्या दुपारी निरोप येतो. एक फोटो, वैद्यकीय अहवाल आणि बाळ राखून ठेवायला ४८ तास. लगेच ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला फोन होतो, दोन्हीकडच्या आईवडिलांना फोन होतो. शिशुगृहात भेट ठरते. होकार दिला की कागदपत्रांवर सह्या होतात आणि अंतिम आदेशाआधीच बाळ पालनपोषणासाठी घरी येते. आदेश पूर्वी न्यायालय देई, २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे गेला. पुढे दोन वर्षे समाजसेविका दर सहा महिन्यांनी येऊन जाते.

आता या रांगेत देशभरातली तीस हजारांहून जास्त नावे आहेत आणि वर्षाला दत्तक जाणारी मुले चार-साडेचार हजारांच्या घरात आहेत. त्यांत महाराष्ट्राचा आकडा वर्षानुवर्षे सर्वांत मोठा राहिला. २०१८-१९ मध्ये देशात दत्तक गेलेल्या ३,३७४ मुलांपैकी १,९७७ मुली होत्या. शिशुगृहांत मुलीच जास्त येतात, हे त्यामागचे कडू कारण खरेच. तरीही ज्या प्रथेत मुलीला जागाच नव्हती, तिथे आज निम्म्याहून अधिक घरे लेक घेऊन जात आहेत.

वयाचा हट्ट मात्र सुटलेला नाही. जवळपास सगळ्यांना दोन वर्षांखालचे, धडधाकट बाळ हवे असते. सहा-सात वर्षांची, भावंडांसह असलेली किंवा विशेष गरजा असलेली मुले त्याच पोर्टलवर थांबून राहतात, त्यांच्यासाठी रांग नसते. सयाजीराव बारा वर्षांचे होऊन दत्तक आले होते, शाहू महाराज नऊ वर्षांचे. नोंदणीतला वयोगटाचा रकाना भरण्याआधी नवरा-बायकोने या एका मुद्द्यावर घरी बसून जरा जास्त वेळ बोलावे.