दुपारी बहिरा होणारा समुद्र

विशाखापट्टणमच्या पोस्टिंगमध्ये रविवारी आउटपास मिळाला की मी आर. के. बीचवर जायचो. तिथे ‘आयएनएस कुरसुरा’ पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. 1969 ते 2001 नौदलात होती, आता संग्रहालय. आम्ही पायदळवाले. लपायचं म्हणजे नाला, झुडूप, टेकडीची मागची बाजू. नव्वद मीटर लांबीचं हे धूड उघड्या समुद्रात लपतं कुठे, असं तिथल्या गाईडना विचारलं. निवृत्त नौसैनिक, मूळचे रत्नागिरीकडचे. म्हणाले, “अहो सुभेदारसाहेब, तुमची टेकडी, तशी आमची लेअर.”

मग गोष्ट निघाली. 1930 च्या दशकात अमेरिकन नौदल क्यूबातल्या ग्वांतानामोजवळ सोनारचा सराव करत होतं. सकाळी पाणबुडी चांगली सापडायची, दुपारनंतर हरवायची. जेवण करून ऑपरेटर पेंगतात, असा संशय आला. (वरिष्ठांना जवानाची झोप आधी दिसते, हे सगळ्या फौजांत सारखंच.) यंत्रात बिघाड नव्हता. वुड्स होल संस्थेचे कोलंबस आयसेलिन यांनी पाण्याचं तापमान मोजलं, तेव्हा उन्हाने वरचे काही मीटर पाणी जेमतेम एक-दोन अंशांनी तापलेलं दिसलं. तेवढं पुरे होतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो आणि गरम पाण्यात जरा जास्त वेगाने. वरचं पाणी गरम आणि खालचं थंड असलं की आवाज थंड पाण्याकडे, म्हणजे खाली वळतो. थोड्या अंतरापलीकडे पृष्ठभागालगत सोनारची सावली पडते. पाणबुडी त्या सावलीत बसते.

1937-38 मध्ये ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी बॅथीथर्मोग्राफ तयार केला. हे टॉर्पेडोसारखं छोटं यंत्र दोरीने खाली सोडायचं, आतली सुई काजळी धरलेल्या काचेवर खोलीप्रमाणे तापमानाची रेघ ओढायची. दुसऱ्या महायुद्धात ते पाणबुड्यांवरही बसलं. शिकारी आणि सावज दोघंही तीच रेघ वाचू लागले.

बंगालच्या उपसागरात वर 28-29 अंश असताना 200 मीटरवर पंधराच्या आसपास आणि हजार मीटरवर सहा-सात अंश असतात. घसरण एकसारखी नसते. वरचा थर लाटांनी ढवळलेला, जवळजवळ एकाच तापमानाचा; त्याखाली तापमान झपाट्याने उतरतं. हीच ती लेअर, थर्मोक्लाइन.

‘खुकरी’चा विषय मीच काढला. 9 डिसेंबर 1971, दीवजवळ. पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’च्या टॉर्पेडोने ती काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, धरून 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. मी म्हणालो, “म्हणजे लेअरने घात केला?” त्यांना ते आवडलं नाही. “सगळं पाण्यावर ढकलू नका. हँगोरचा सोनार आपल्यापेक्षा लांबचं ऐकत होता.” नंतर आपल्या जहाजांनी, विमानांनी शोधशोध शोधलं, तरी हँगोर कराचीला पोहोचली. तेवढ्या मोठ्या पाण्यात एक पाणबुडी हुडकणं म्हणजे काय, ते मला त्या अरुंद बोगद्यात उभं राहून थोडंफार कळलं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. हिवाळ्यात या उपसागराच्या उत्तर भागात उलटं होतं. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर तरंगतं आणि थंड होतं. त्याखालचं खारं पाणी अधिक गरम राहतं. मी “मग आवाज कुठे वळतो?” म्हणेपर्यंत शाळेची सहल शिडीवर आली आणि ते पुढच्या टॉर्पेडो रूमकडे गेले.