धाब्यावर बसवलेलं डिझाइन

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. मध्येच भुंकलेलं कुत्रं आणि माझे तीन-चार 'म्हणजे' तेवढे काढून टाकलेत.

सुरुवात एका वाक्प्रचाराने करू. "नियम धाब्यावर बसवले" हे आपण बातम्यांत रोज ऐकतो. हा धाबा हायवेवरचा, दाल-तडकावाला नाही बरं का. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. वस्तू उचलून धाब्यावर टाकली की ती डोळ्यांआड झाली, तिचा कुणाला काही धाक उरला नाही.

माझ्या आजीचं घर असंच धाब्याचं होतं. गाव अमडापूर, बुलडाणा जिल्हा, तालुका चिखली. चिखलीहून खामगावकडे निघालात की रस्त्यात लागतं. टेकडीवर बल्लाळदेवीचं देऊळ आहे, खाली गाव. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. पाच वर्षांचा कोर्स, आणि दर सेमिस्टरला एक डिझाइन प्रोजेक्ट. त्यातले तीन प्रोजेक्ट मी अमडापूरवर केले. आज त्या तिघांची गोष्ट सांगणार आहे, पण इतिहासातून. कारण तिन्ही वेळा एकच प्रश्न माझ्या आडवा आला: डिझाइन बरोबर की चूक, हे ठरवायचं कुणी?

आमच्याकडे हे ठरवते ती 'ज्यूरी'. रात्र-रात्र जागून शीट्स काढायच्या, भिंतीवर लावायच्या आणि समोर बसलेल्या लोकांचं ऐकून घ्यायचं. ही पद्धत आली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेतून. एकोणिसाव्या शतकात तिथले विद्यार्थी शहरभरच्या स्टुडिओंत काम करायचे. मुदत संपली की ड्रॉइंग गोळा करायला हातगाडी फिरायची. फ्रेंचमध्ये गाडीला म्हणतात 'शारेत'. काही पोरं म्हणे त्या गाडीवर चढून शेवटच्या रेघा मारत जायची. म्हणून जगभरचे आर्किटेक्ट आजही डेडलाइनच्या धावपळीला शारेत म्हणतात. निकाल मात्र बंद दाराआड लागायचा. आत फक्त परीक्षक असायचे. ज्याने काढलं तो बाहेर, आणि ज्यांच्यासाठी काढलं ते तर कुठेच नाहीत.

आता पहिला प्रोजेक्ट.

पहिल्या वर्षी आम्हाला 'मेझर्ड ड्रॉइंग' करायला सांगितलं. एखादी जुनी इमारत टेपने मोजायची आणि जशीच्या तशी कागदावर उतरवायची. मी आजीचं घर निवलं. टेप घेऊन ओसरीत वाकले तशी आजी म्हणाली, "काय मोजू राह्यली वं पोरी? घर विकाले काढलं काय?"

मोजायला लागले तेव्हा कळलं की एकही भिंत गुण्यात नाही. पण घर पक्कं उभं होतं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती. आत लाकडी खांब, खांबांवर सर, सरांवर कड्या, कड्यांवर दाट रचलेल्या काटक्या, मग कडुलिंबाचा पाला आणि वर मातीचा जाड थर. सगळं वजन लाकडाच्या सांगाड्यावर, भिंत फक्त आडोशाला. पावसाआधी धाब्यावर पांढरी माती पसरायची. ती भिजली की भेगा बुजतात आणि पाणी पन्हाळीकडे वळतं.

मेमध्ये आमच्याकडे ऊन काय असतं ते विदर्भातल्या श्रोत्यांना सांगायला नको. जाड माती हळूहळू तापते, त्यामुळे दुपारी घर गार. ती उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा माणसं आत नसतातच, अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असतात. म्हणजे घर दोन पाळ्यांत वापरायचं, दिवसा खालचं आणि रात्री वरचं. हे कुणी कागदावर काढलेलं नव्हतं.

मोजण्याच्या या अभ्यासालाही आपल्याकडे इतिहास आहे. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, आणि पुढे तिथे वास्तुकला शिकवायला लागले. १९१७ मध्ये तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघटना काढली. नाव साधंच, आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. तीच वाढत जाऊन १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. म्हणजे आज देशभर पसरलेल्या या संस्थेचं मूळ विद्यार्थ्यांच्या नावाच्या मंडळात आहे! त्याच काळात तिथे क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज प्राध्यापक होते. ग्रीक-रोमन खांब गिरवायचा तो जमाना होता. बॅटलींचा आग्रह होता की इथल्या जुन्या इमारती बघा, मोजा, त्यांच्याकडून शिका. १९३४ साली त्यांचं भारतीय वास्तुकलेवरचं पुस्तक आलं, ते अशाच आरेखनांनी भरलेलं आहे.

म्हणजे ज्यूरीच्या खुर्चीत आता जुनी इमारतही येऊन बसली. पण तिच्यात राहणारा माणूस अजून बाहेरच होता. माझंही तेच झालं. मला चांगले मार्क मिळाले, पण शीटवर आजीचं नावसुद्धा नव्हतं.

दुसरा प्रोजेक्ट तिसऱ्या वर्षाचा. विषय होता 'गावासाठी सार्वजनिक इमारत'. मी अमडापूरच्या आठवडी बाजाराजवळ वाचनालय काढलं. काचेचं, एका बाजूने वळलेलं. रेंडर असा भारी की इन्स्टावर टाकला तर लाइक्सचा पाऊस. ज्यूरीत बाहेरून आलेल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला, "मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, यात कोण बसेल?"

उत्तर नव्हतं. रडू आलं, ते बाहेर जाऊन रडले.

सुट्टीत घरी आले तेव्हा चुलत भावाला घेऊन गाडीवर सिंदखेड राजाला गेले. चिखली, देऊळगाव राजा, मग सिंदखेड. जिजाऊंचं जन्मस्थान, १२ जानेवारीला तिथे केवढी गर्दी लोटते ते तुम्हाला माहीत आहे. बहुतेक लोक लखुजीराव जाधवांच्या वाड्यापुढे सेल्फी काढतात आणि परत फिरतात. तुम्ही गेलात तर थोडं पुढे जा, मोती तलाव आणि पुतळा बारव बघा. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पुतळा बारवेच्या भिंतींवर दगडी शिल्पं आहेत, म्हणून तिचं हे नाव.

मी त्या पायऱ्यांवर अर्धा तास बसले. विहीर साधी असती तर पाणी खाली गेलं की दोर लांब करावा लागला असता. बारवेत माणूसच पाण्यामागे खाली उतरतो. जसजसं खाली जाल तसतसं गार. तीच पायरी जिना आहे आणि तीच बसायची जागा. पाणी भरायला आलेली बाई दोन घटका टेकली असेल, तर तिला वेगळं 'कम्युनिटी सेंटर' लागलं नसेल.

परत जाऊन मी वाचनालय खोडलं. त्याऐवजी बाजारात झाडांखाली दोन उंचीचे कट्टे काढले. एक बसायला, साधारण दीड फुटाचा. दुसरा छातीइतका उंच, डोक्यावरची पाटी कुणाची मदत न घेता उतरवता यावी म्हणून. काच नाही, वळण नाही. रेंडर एकदम साधा आला आणि लाइक्स बावीस. पण त्या बाईंच्या प्रश्नाला आता उत्तर होतं.

आता तिसरा, शेवटच्या वर्षाचा. आणि इथे गोष्ट माझ्या अंगावर आली.

आजीला घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, २०१६ पासून सुरू असलेली. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. सपाट प्रदेशात मदत १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी वेगळे पैसे. रक्कम हप्त्यांनी येते, काम जसं चढेल तशी. मी ठरवलं की हाच आपला थीसिस. २५ चौरस मीटरचं, वऱ्हाडच्या उन्हाला झेपेल असं मातीचं घर. आजीसाठी.

डोक्यात दोन उदाहरणं होती. पहिलं आना हेरिंगर या ऑस्ट्रियात शिकलेल्या विद्यार्थिनीचं. एकोणिसाव्या वर्षी ती बांगलादेशातल्या रुद्रपूर गावात स्वयंसेवक म्हणून राहिली. नंतर लिंझ शहरात आर्किटेक्चर शिकली आणि २००४ मध्ये थीसिस केला त्याच गावातल्या शाळेचा. खाली मातीच्या जाड भिंती, वर बांबूचा मजला. पुढच्याच वर्षी ती शाळा गावकऱ्यांच्या हातांनी उभी राहू लागली. माती तुडवायला जनावरं होती. २००७ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिने जुनी पद्धत जशीच्या तशी उचलली नव्हती. तिथली मातीची घरं पायाशी ओल लागून खचायची, म्हणून तिने पाया विटांचा केला आणि ओल वर चढू नये म्हणून मध्ये थर घातला.

दुसरं उदाहरण बाळकृष्ण दोशींचं. १९२७ साली पुण्यात, फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात जन्म, शिक्षण जे.जे.त. २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी इंदूरला 'अरण्य' वसाहत आखली. गरीब कुटुंबाला पूर्ण घर न देता जोतं, पाणी, संडास एवढं द्यायचं आणि बाकीचं ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. नमुना म्हणून ऐंशी घरं बांधून दाखवली. लोकांनी पुढे त्यात खोल्या, जिने, गॅलऱ्या वाढवल्या. घर कधी पूर्ण झालं हे ठरवायचा हक्क राहणाऱ्याकडे गेला.

मी बारा शीट्स काढल्या. मातीच्या भिंती, सुधारलेलं धाबं, पुढे वाढवता येईल अशी रचना. दिवाळीत त्या ओसरीत अंथरून आजीला दाखवल्या. तिने चष्मा लावून सगळं नीट बघितलं. म्हणाली, "माती चांगली हाय, मले ठावं हाय. पण दरसाली धाब्यावर माती टाकाले कोण चढन? तू येशील काय पुण्याहून?"

मी गप्प.

"तुहा आजा होता तवा तो चढे. मग तुहा बाप चढे. आता कोनी नाही. मागच्या पावसात रात्रभर भगुणे मांडून बसलो मी. मले स्लॅब पायजे."

पाच वर्षं मी ऐकत आले होते की सिमेंटने मातीला हरवलं. आजीच्या घरात तसं झालं नव्हतं. धाबं उभं राहायचं ते दरवर्षी वर चढणाऱ्या दोन पायांवर, आणि ते पाय शिकायला, नोकरीला गेले होते. त्यात माझेही होते. माझ्या बारा शीट्सवर खांब, कड्या, माती सगळं होतं. चढणारा माणूस तेवढा काढायचा राहिला होता.

हेरिंगरची शाळा चालली, कारण मागे गावातली संस्था आणि बांधणारे हात होते. दोशींनी घराचा उरलेला भाग लोकांच्या हाती दिला, कारण लोक तिथे राहणार होते. दोन्हीकडे राहणाऱ्याला बोलायची जागा होती. मी आजीला दाखवलं ते सगळं ठरवून झाल्यावर. म्हणजे मीही दार बंद करूनच निकाल लावला होता.

मग आम्ही दोघी पुन्हा बसलो. या वेळी कागद कोरा. आजीने तीन गोष्टी सांगितल्या. छत स्लॅबचं. रस्त्याकडे ओटा, "वट्ट्यावर बसल्याबिगर मानूस दिसत नाही." आणि जुन्या घराचं दार नव्या घराला. मी तीन जोडल्या. समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके, आणि बाहेरून जिना, म्हणजे उद्या वर खोली चढवता येईल आणि आज उन्हाळ्यात वर झोपता येईल. मिस्त्रीने झरोक्यांवर वाद घातला. तो आजीने जिंकला.

जुनं घर उतरवलं त्या दिवशी मी पुण्यात होते. भावाने व्हिडिओ पाठवला, तो अजून पूर्ण बघितलेला नाही. त्या घराची मापं आता फक्त माझ्या पहिल्या वर्षाच्या शीटवर आहेत. परवा काकाने व्हॉट्सॲपवर त्या शीटचा फोटो मागितला. ओसरीतला तिसरा खांब कोणता, ते त्याला नातवाला दाखवायचं होतं. लहानपणी त्याची उंची त्या खांबावर खुणा करून मोजायचे म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. मी खांबाची जाडी मोजली होती, खुणा नव्हे.

थीसिसच्या ज्यूरीत मी दोन्ही डिझाइनं लावली, नाकारलेलं आणि बांधलेलं. मार्क बरे पडले. पण खरी ज्यूरी दिवाळीतच झाली होती.

आणि हो, स्लॅब तापतोच. त्यावर एक साधा उपाय आहे, उन्हाळ्याआधी वरून चुन्याचा पांढरा हात मारायचा, म्हणजे बरंचसं ऊन परत फिरतं. तो दरवर्षी द्यावा लागतो. या एप्रिलमध्ये मी सुट्टी काढून गेले, बादली आणि ब्रश घेऊन वर चढले. खाली ओट्यावरून आजी शेजारणीला सांगत होती, "पोरगी धाब्यावर हाय."

स्लॅबला ती अजून धाबंच म्हणते.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. गावाकडचं किंवा आजोळचं जुनं घर उभं असेल तर फोन आणि एक टेप घ्या आणि मोजा. काढता येत नसेल तर नुसतं लिहून ठेवा. आणि मोजताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, खांबांवरच्या खुणांची माहिती त्यांनाच असते. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूया पुढच्या भागात!